पाणी पिऊन या

पावणेदहा झाले तरी ड्रायव्हर दवाखान्यातल्या त्या खोलीतून बाहेर आला नव्हता, आणि बाहेर बाकावर त्याची बायको दोन बाटल्या पाणी पोटात घेऊन बसली होती.

"येताना पाणी पिऊन या," असं सिस्टरने फोनवर सांगितलं होतं. मूत्राशय भरलेलं असलं की डॉक्टरांना गर्भाशयात वीर्य सोडायची नळी घालायला सोपं जातं. पण आधी नवऱ्याने डबीत नमुना द्यायचा, लॅबमध्ये तो तासभर धुऊन निवडून घ्यायचा आणि मग नळी घालायची, हे तिने नीट ऐकलंच नव्हतं. बाई घरूनच पिऊन निघाली. तशी ती बसमध्ये कंडक्टर होती. सात-आठ तास धरून ठेवायची तिला सवय होती, कारण तिच्या मार्गावर बाईमाणसाला जाता येईल असा एकही थांबा नव्हता. तिला स्वतःची फिकीर नव्हती. घोडं पेंड खात होतं ते आत.

सिस्टर दुसऱ्यांदा येऊन गेली. "अजून नाही? बाई, डॉक्टर साडेअकराला ऑपरेशनला जातात. सव्वादहापर्यंत डबी आली नाही तर या महिन्याचं राहिलं. तुमचं बीज काही उद्यापर्यंत वाट बघत बसणार नाही."

समोरच्या बाकावर सुनेला घेऊन आलेल्या एक मावशी होत्या. त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "पहिलीच वेळ ना? होतं असं. आमच्या मुलालाही पहिल्या दिवशी घाम फुटला होता." सून हातातल्या फाइलमागे गेली.

कंडक्टरीण उठली, जपून चालत त्या दाराशी गेली आणि हळूच म्हणाली, "अहो."

"नाही होत गं." आतून आवाज आला. "बाहेर एवढी माणसं बसलीत. मी आत काय करतोय ते सगळ्यांना माहीत आहे."

"त्यांचे नवरे याच दारातून गेलेत."

"आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आडात आहे. रिपोर्ट मी वाचलाय."

आत डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "चल, घरी जाऊ. पुढच्या महिन्यात बघू."

तिला असा राग आला की दार तोडून आत जावं. तीन वर्षं गोळ्या हिने घ्यायच्या, सुया हिने टोचून घ्यायच्या आणि याच्या वाट्याला आली एक डबी, तर तीही होईना! पण त्याचा एवढा बारीक आवाज तिने कधी ऐकला नव्हता. भर बाजारात बस अडकली की तो खिडकीतून डोकं काढून सगळ्या रस्त्याला गप्प करायचा.

"एक सांगा," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "चौकात पन्नास पॅसेंजर 'चला, थांबा, वळवा' म्हणून ओरडतात, तेव्हा तुम्ही कुणाचं ऐकता?"

"तुझ्या घंटीचं."

"मग आज पॅसेंजरांचं का ऐकताय?"

तिने दारावर एकदाच टक् केलं. नऊ वर्षं दोघं एकाच गाडीवर होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्याला सांगायला लागत नव्हतं.

"काही करू नका. नुसते बसा पाच मिनिटं. डबी खाली ठेवा."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत तिने घड्याळात पाच मिनिटं मोजली. सिस्टर तिसऱ्यांदा येताना दिसली तेव्हा तिने हातानेच तिला परत पाठवलं, गर्दीत दारात लोंबकळणाऱ्याला मागे सारतात तसं. मग दारावर दोनदा टक्टक् केलं.

आत ड्रायव्हर हसला. मावशींनाही ऐकू आलं. "हसला ना, आता होईल," त्या म्हणाल्या.

दहा वाजून बारा मिनिटांनी डबी लॅबच्या खिडकीत गेली.

अकरा वीसला कंडक्टरणीला टेबलावर घेतलं. "पाळीत दुखतं तेवढंच कळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि खरंच तेवढंच कळलं. बारीक नळी आत गेली आणि दोन मिनिटांत झालंसुद्धा. एवढ्या वर्षांची आस आणि काम दोन मिनिटांचं! तिला हसावं की रडावं ते कळेना. थोडी रडली.

"पंधरा मिनिटं पडून राहा. दोन आठवड्यांनी तपासणी," डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "पहिल्याच वेळी बऱ्याच जणींना दिवस राहत नाहीत. नाही राहिले तर खचू नका."

ड्रायव्हर स्टुलावर येऊन बसला. हातात स्टिअरिंग नसलं की हात कुठे ठेवावेत ते त्याला कधीच सुचत नसे. शेवटी त्याने तिची चप्पल सरळ करून ठेवली.

पंधरा मिनिटांनी सिस्टर आली. "झालं. जा आता, बाथरूम डावीकडे आहे."

कंडक्टरीण हलली नाही.

"अहो, काही पडत नाही खाली," सिस्टर हसली. "उड्या मारत गेलात तरी नाही."

"माहीत आहे."

सिस्टर गेली. कंडक्टरणीच्या कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटले होते. ड्रायव्हरला बघवेना.

"अगं, साडेतीन तास झाले. जा ना. कशाला जिवाला त्रास?"

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"रोज परक्या माणसांसाठी धरते," ती म्हणाली. "आज आपल्या घरी येणाऱ्या माणसासाठी धरू दे थोडं."