गोष्टीला हुंकार

वाईट बातमी गोष्टीतून सांगावी, असं पुण्याच्या ट्रेनरने शिकवलं होतं. म्हणून सोलापूरच्या टॉवेल कारखान्याचा मॅनेजर मल्लेश विणकरांना म्हणाला, “एक जहाज वादळात सापडलं.” “हं,” म्हातारा शंकरप्पा म्हणाला. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचाच असतो, हे अक्कलकोटला वाढलेल्या मल्लेशलाही ठाऊक होतं. “जहाजात वजन फार झालं.” “हं,” आता सगळेच म्हणाले. “मग म्हाताऱ्या खलाशांनी आपणहून समुद्रात उड्या टाकल्या.” “हं!” शंकरप्पा रंगात आला होता. मालक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. संध्याकाळी नोटीस लागली: पन्नाशीपुढच्या कामगारांनी राजीनाम्याला आनंदाने संमती दिली आहे. शंकरप्पा धापा टाकत केबिनमध्ये शिरला. “मालक, आमी गोष्टीला हुंकार दिला! ह्ये मल्लेशसायेब हिकडचेच हायती, त्यास्नी इचारा की.” मालकांनी मल्लेशकडे पाहिलं. मल्लेश पुण्याच्या मराठीत म्हणाला, “हुंकार म्हणजे काय हो, काका?”