इंजिन थंडं पाह्यजे

"धूर जरासा निळा वाटून राहिला," देवीदास म्हणाले आणि त्यांनी डोकं असं हलवलं, की जणू मोठा घात झाला.

धूर निळा-बिळा काही नव्हता. जुनं डिझेल इंजिन सुरू होताना सोडतं तेवढा चिमूटभर धूर सोडून ते बिचारं आता एका तालात चाललं होतं. पण देवीदासांना खोट काढणं भाग होतं. खोट निघाली नाही, तर पुढच्या रविवारी यायचं कोणत्या तोंडानं?

"निळा म्हंजे?" कांताबाईंनी विचारलं.

"म्हंजे ऑइल जाळते. रिंगा घासल्या असतील. आठ दिवसांत ऑइल किती उतरते ते पाहू. जुन्या इंजिनात घाई नाई करायची."

"नाई, घाई काहून करायची?" कांताबाई म्हणाल्या. "चहा ठेवला हाय. बसा."

ट्रॅक्टर बुटका, बागेपुरता. कांताबाईंच्या यजमानांनी, श्यामरावांनी, रायपूरच्या उरला भागातल्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर अभनपूरजवळच्या या पेरूच्या बागेसाठी तो जुनाच घेतला होता. श्यामराव वारले आणि ट्रॅक्टर टिनाच्या शेडखाली उभा राहिला. मग पुण्याच्या मुलानं मोबाइलवर जाहिरात टाकली, विकणे आहे म्हणून.

आणि देवीदासांकडे जमीन किती? कोरफडीच्या कुंडीपुरतीसुद्धा नाही! ते राहत नवा रायपुरात, मुलाकडे, चौथ्या मजल्यावर. सारा जन्म रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये गेलेला, म्हणून जाहिरात पाहून पहिल्यांदा आले ते निव्वळ इंजिनाचा आवाज कानावर पडावा म्हणून. ऐकायचं आणि स्कूटी वळवायची, बस. पण फाटकातूनच कांताबाई म्हणाल्या, "जय भीम, भाऊ. या, सावलीत बसा," आणि देवीदासांनी स्कूटी स्टँडला लावली.

बायको गेल्यापासून त्यांच्याशी मराठीत कोणी बोललंच नव्हतं. संघर्ष आणि रुचिता, मुलगा-सून, दोघांनाही मराठी कळायचं. उत्तर मात्र हिंदीत. "पापा, खाना खा लिया?" यांनी 'हव' म्हटलं, की ते आपल्या खोलीत. पोरं वाईट नव्हती हो. पण दिवसभर भिंतींशी किती बोलणार माणूस? फार एकटे पडले होते देवीदास.

म्हणून त्या पहिल्या दिवशी, निघायची वेळ झाल्यावर, ते सुरू इंजिनावर हात ठेवून म्हणाले, "हे आता गरम झालं. खरी परीक्षा थंड्या इंजिनाची. विकणारे आधीच गरम करून ठेवतात, मंग ते चटकन सुरू होते अन् घेणारा फसते. मी पुढच्या रविवारी येतो. तोवर कोणी हात लावू नका."

"बरं भाऊ," कांताबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी थंड इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. लबाड कुठलं! मग देवीदासांना वजन ओढतं का ते पाहायचं होतं. मग गिअर. मग पाणी तापतं का. टाकी दर वेळी काठोकाठ भरलेली असे. बाई मोठ्या व्यवस्थेशीर, असं त्यांना वाटे. तपासणी घटकाभराची आणि गप्पा दुपार टळेपर्यंत. चहासोबत धिरडी येऊ लागली. कांताबाई आपल्या आर्वीच्या माहेराबद्दल बोलत, श्यामरावांच्या रागाबद्दल बोलत, आणि हसताना पदर तोंडाला लावत. घरी परतताना देवीदासांना मात्र स्वतःची लाज वाटे. एका एकट्या बाईला आपण झुलवत ठेवतोय, तिचा सौदा अडवून बसलोय.

"दुसरं गिऱ्हाईक नाई आलं का?" त्यांनी एकदा भीतभीत विचारलं.

"येते कोणी कोणी," म्हणत त्या कप विसळायला उठल्या.

आणि आज ऑइल पाहायचा रविवार. देवीदासांनी सवयीनं आधी इंजिनावर हात ठेवला. इंजिन गरम!

त्यांनी खाली वाकून पाहिलं. चाकांना शेतातला ओला चिखल होता. कोणीतरी आज सकाळीच वावरात घालून चालवून पाहिला होता. म्हणजे खरं गिऱ्हाईक, जमीनजुमला असलेलं! ते ट्रॅक्टर घेऊन जाणार, आणि मग या फाटकातून आत यायला देवीदासांना काय कारण उरणार?

कांताबाई चहा घेऊन आल्या, तर हे तसेच उभे.

"ताई, मी घेतो ट्रॅक्टर," देवीदास एका दमात म्हणाले. "आजच. तुम्ही सांगाल तो भाव. दुसऱ्याले देऊ नका."

कांताबाईंनी कपबशी स्टुलावर ठेवली.

"अन् ऑइल? धूर निळा होता म्हणे ना?"

"धुराले काही नाई झालं. इंजिन सोन्यासारखं हाय. खोटं बोललो मी." त्यांना आता लपवायचं नव्हतं. "एकच विनंती हाय. मले जागा नाई. ट्रॅक्टर इथंच राहू द्या, मी दर रविवारी येऊन सुरू करून जाईन. चालंल ना?"

कांताबाई खुर्चीवर बसल्या.

"देता येत नाई, भाऊ."

"काहून? त्यानं जास्त सांगितले?"

"कोणं?"

"ज्यानं आज चालवला त्यानं."

"तो चिराग साहू. पलीकडच्या वस्तीतला. काल त्याचं काम उरलं होतं, ते आज सकाळी उरकलं त्यानं." कांताबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला, पण वर काही पाहिलं नाही. "ट्रॅक्टर त्याचाच हाय. तुम्ही पहिल्यांदा येऊन गेले ना, त्याच हप्त्यात विकला मी. तुम्ही येता म्हणून दर शनिवारी सांजेले त्याच्याकडून मागून आणावा लागते."