कुंपणालगतचं झुडूप

"खा," तो म्हणाला आणि डबा म्हाताऱ्या माळ्यापुढे आदळला.

डबा बायकोच्या आवडीचा, घट्ट झाकणाचा. कामावर रिकामा झाला तेव्हा त्यानेच तिला आणून दिलेला. आत काळी फळं होती, कुंपणालगतच्या रानटी झुडपाची, परवा तोडून ठेवलेली. महिन्यापूर्वी तिनेही याच डब्यात तोडली, दोन दिवसांनी खाल्ली आणि आठवड्यात गेली. फळं खाल्ल्याचं ऐकून डॉक्टरांनी विषारी फळं असं लिहून टाकलं.

झुडूप शेजारच्या या माळ्याच्या हद्दीतलं. उपटून टाका म्हणून त्याने दोनदा सांगितलं होतं. पाखरं खातात, राहू दे, म्हणून माळ्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

"ही विषारी नाहीत रे," माळी म्हणाला. "विषारी फळ बोराएवढं, एकेकटं लागतं. बुडाशी हिरवी चांदणी असते. ही बघ, वाटाण्याएवढी, एका देठाला पाच-सहा. वहिनींना मीच ओळखायला शिकवलं."

"म्हणजे तुम्हीच मारलंत तिला. मला झाडं शिकवू नका. माझं आयुष्य त्यांच्यात गेलं."

ते खोटं नव्हतं. वाळवलेली झाडं जपणाऱ्या संग्रहालयात तो वीस वर्षं कामाला होता. नावं साहेब लिहायचे. हा कागदावर शिवलेल्या झाडांवर ब्रशने कीड मारायचं औषध फासायचा.

माळ्याने एक मूठ तोंडात टाकली, कसंनुसं तोंड केलं, दुसरीही टाकली. चावून चावून सगळी संपवली.

"दादा म्हणायची मला," माळी म्हणाला. "तिला मी विष देईन?"

तो माळ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. पडेल, आता पडेल. माळी दगडावर शांत बसून होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मुठी आपोआप सुटल्या. महिनाभर ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याकडे आता बघवेना. डबा उचलून तो निघाला.

"अरे, थांब," मागून माळ्याचा आवाज आला, घोगरा. त्याने पोट दाबून धरलं होतं. "ही फळं गोड असतात. आज तांब्याचं नाणं चघळल्यासारखं का लागतंय?"

थबकून त्याने हातातला डबा उलटा केला. बुडाशी, तिने घासून घासून पुसट केलेला, संग्रहालयातल्या औषधाचा लाल शिक्का होता.