चौकटीभोवतीची रेघ

बाथरूमच्या चौकटीभोवतीची फट त्याने स्वतःच पांढऱ्या सिलिकॉनने बुजवली आणि भिंत, चौकट, सगळं झोकात निळं रंगवून टाकलं. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे पापुद्रे सुटायला लागल्यावर कळलं. दुसरा हात मारला, तिसरा मारला. दरवेळी रंग सोलून निघाला आणि खालची रेघ पांढरीफटक उघडी पडली.

"रंगारी बोलव म्हटलं, तर साहेबांना हौस!" बायको येता-जाता टोमणे मारायची. शेवटी वैतागून तो सिलिकॉन खरवडायला सुरी घेऊन बसला.

तेवढ्यात बाबा आले. नजर अधू झाल्यापासून ते भिंत चाचपत यायचे, तरी दाराशी खांदा आपटायचाच. आज मात्र सरळ चालत आले आणि चौकटीपाशी थांबले.

"ही पांढरी रेघ कोणी काढली रे? दार कुठंय ते लांबूनच कळतं आता. फार उपकार झाले बघ."

त्याने सुरी पाठीमागे लपवली.

"तुमच्या लेकाने, बाबा," बायको आतून म्हणाली. "मुद्दाम काढलीय. तीन-तीनदा मेहनत घेतलीय त्यासाठी."