दिराची जीप

उल्हासनगरच्या बाजारात चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या दोन जुन्या जीप उभ्या होत्या, एक गिअरची, एक ऑटोमॅटिक. "गिअरचीच घेऊ, जयरामाला मीच फिरवीन," इंदुबाईचा नवरा म्हणाला. तिचा जळफळाट झाला. लुळ्या डाव्या पायाच्या या धाकट्या भावाला बदलापूरभर हिंडवण्यातच नवऱ्याचे सगळे रविवार जायचे. तिच्या वाट्याला एकही येत नसे. "ऑटोमॅटिकच घ्या," ती म्हणाली, "तिला क्लच नाही, डावा पाय लागत नाही. भाऊजी एकटे फिरतील की!" शेजारी उभ्या जयरामाचे डोळे पाणावले. "वहिनी, माझा एवढा विचार कुणीच केला नव्हता." इंदुबाई पदराआड हसली. महिन्याभरात जयराम जीप चालवू लागला. रविवारी इंदुबाई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आली, तोच हॉर्न वाजला. "दादा, येतोस ना?" नवरा धावत जाऊन भावाशेजारी बसला आणि ओरडला, "तू जेवून घे गं!"