तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

"एक घाव दोन तुकडे कर आणि मोकळी हो," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तुकडे काकांचे व्हायचेत ना," ती म्हणाली.

विज्ञानकथा संमेलनाच्या नोंदणीपाशी दोघी गळ्यात बिल्ले अडकवून उभ्या होत्या. दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर कडाकडा भांडणारं त्यांचं तिघांचं टोळकं. तिसरे दंतवैद्य, ते कधीच जुन्या पुस्तकांच्या टेबलाकडे पसार झाले होते. ती काय करून बसली आहे हे जगात या दोघांनाच ठाऊक होतं.

तिचे बाबा आणि काका. सख्खे नव्हेत, बाबांचे मित्र. तीस वर्षं दोघं या संमेलनात भेटायचे आणि उरलेलं वर्ष एकमेकांना पत्रं लिहायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी चुकांची यादी असायची: अमुक पुस्तक, तमुक पान, लेखकानं चंद्रावर वारा सोडला आहे. गुडघ्यांनी प्रवास बंद केला, तरी याद्या चालूच राहिल्या. पुढे काकांच्या कानांनी दगा दिला, फोन थांबले. मग हात थरथरायला लागले, म्हणून पत्रं टाइप होऊन येऊ लागली.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. पाचव्या दिवशी काकांचं पत्र आलं. कळवायला म्हणून ती बसली आणि हातून लिहून गेली ती चुकांची यादी. एकदाच, असं तिनं स्वतःला बजावलं. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात, हे खोटं मात्र तीन वर्षं धावत राहिलं. ती मुद्रितशोधक होती. बाबांचं अक्षर, बाबांची वाक्यं, बाबांचे स्वल्पविराम, सगळं तिच्या हातात बसलेलं होतं. काकांना जरासुद्धा शंका आली नाही. ते हल्ली चुका धरण्यात ढिलेच पडले होते. बाबासुद्धा शेवटच्या वर्षी म्हणाले होते, "हा म्हातारा फार गोड लिहायला लागलाय. काही खरं नाही त्याचं."

काकांना धक्का बसू नये म्हणून हे केलं, असं ती टोळक्याला सांगायची. ते अर्धंच खरं होतं. बाबांनी उभ्या जन्मात तिचं कधी कौतुक केलं नव्हतं. शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाले, "बाकीचे फारच ढ असतील." आणि बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी काकांनी लिहिलं, "आठवतं का? तिसऱ्या रांगेत बसून तू भाषणाकडे लक्षच द्यायचा नाहीस. पोर माझ्यापेक्षा चांगलं वाचते, हेच तुझं पुराण." ते पत्र तिनं इतक्यांदा उघडलं की घड्यांवर फाटलं. पुढच्या प्रत्येक पत्रात ती खडा टाकून पाहायची, आणि काका आणखी काहीतरी आठवायचे. चाळीस वर्षांची भूक होती ती. भरतच नव्हती.

आता काकांनी कळवलं होतं, यंदा मी येतोय, तूही काहीही करून ये. तिसरी रांग, उजवीकडच्या पहिल्या दोन खुर्च्या. तिला बाबांचं ते बोलणं काकांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, आणि त्यासाठी आधी बाबा नाहीत हे सांगावं लागणार होतं.

सभागृहात त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिच्याच वयाचा एक माणूस बसला होता. दुसरीवर त्यानं पिशवी ठेवली होती.

"इथं एक वयस्कर गृहस्थ येणार आहेत," तो अवघडून म्हणाला.

"माझे बाबा. तुम्ही?"

तो ताडकन उठला. "मी पुतण्या. ते कुठायत? बाहेर बसलेत का?"

"आधी सांगा, काका कुठायत?"

त्यानं पिशवी उचलून जागा करून दिली. "काका गेले, ताई. पत्रात लिहायचा धीर होईना. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला समोर बसून सांगावं."

ती बसली. बाबांविषयी बोलणारं शेवटचं माणूसही संपलं होतं. मंचावर भूतकाळात जाता येईल का यावर चर्चा चालली होती आणि लोक हसत होते.

"बाबांना सांगायची गरज नाही," ती म्हणाली. "ते तीन वर्षांपूर्वीच गेले. त्यानंतरची पत्रं मी लिहिली."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "सगळी?"

"सगळी. काकांना फसवलं मी. पण काय करू? त्यांच्या उत्तरांत बाबा माझं कौतुक करायचे. घरी कधी केलं नाही त्यांनी. तेवढ्यावर तर मी जगले."

त्यानं मान खाली घातली. हातातली पिशवी तो नुसतीच चुरगाळत राहिला.

"बोला ना," ती म्हणाली. "काका घरीसुद्धा सांगायचे का हो ते? बाबा काय काय म्हणायचे ते?"

त्याचे डोळे भरून आले होते. माणूस नुकताच गेलाय आणि आपण आपलंच घोडं दामटतोय, असं वाटून ती ओशाळली. त्याच्या हातावर हात ठेवून तिनं हळूच विचारलं, "किती दिवस झाले काकांना जाऊन?"

"चार वर्षं," तो म्हणाला.