तिसऱ्या ओळीतला कारखाना

फोनमधलं संगीत एकदम थांबलं तेव्हा लोरेटा बटाटे सोलत होती. एक तास पन्नास मिनिटं तेच सात सूर तिच्या कानात वाजत होते.

"युनिस बोलतेय, बेकार भत्ता विभाग. नाव आणि अर्जाचा क्रमांक सांगा."

"लोरेटा व्हॅन्सिक," असं म्हणून तिने क्रमांक सांगितला. तो तिला आता स्वतःच्या जन्मतारखेपेक्षाही जास्त पाठ झाला होता. चौदावा आठवडा चालू होता. आधी ती काम करायची त्या गोदामाकडून तिला काढल्याचा कागद विभागाकडे गेला नाही. मग गेला, तो दुसऱ्याच कुणा लोरेटाच्या नावाने. त्यानंतर आपण आपणच आहोत हे तिला तीन वेळा सिद्ध करावं लागलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण नोव्हेंबरची थंडी थोडीच थांबते? घर तापवायचा गॅस तिने बंद ठेवला होता आणि स्वयंपाकघरात ती कोट घालून बसत होती. भत्ता आला नाही तर घर सोडून बहिणीच्या सोफ्यावर जायचं, एवढंच आता उरलं होतं.

"माझे पैसे कुठे अडकलेत, तेवढं सांगा बाई."

"अडकलेत, पण चांगल्या कारणाने," युनिस म्हणाली. आवाज खरंच गोड होता तिचा. "दर आठवड्याला तीन ठिकाणी काम मागितल्याचं तुम्ही लिहून देता ना? त्यातल्या एकाने उत्तर पाठवलंय. कामावर घेतलंय तुम्हाला."

लोरेटाची सुरी थांबली. "कोणी?"

"हॅलोरन हातमोजे कारखाना. तुमच्या गावातल्या टेकडीवरचा."

दर आठवड्याला तीन ठिकाणं दाखवायची, आणि गावात उघडी दारं उरली होती सात. ती सगळी तिने दोन-दोनदा ठोठावली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी समोरच्या वॉल्ट डोंबेकनेच तिला युक्ती सांगितली होती. "तिसऱ्या ओळीत हॅलोरन लिही गं. मीही तेच लिहितो. बंद कारखान्यात चौकशी करायला कोण मरायला जातंय?"

कारखाना बंद पडून एकतीस वर्षं झाली होती. 'कोणाशी बोललात' या रकान्यात लोरेटाने मिस अडेलचं नाव टाकलं होतं. अडेल तिथली मुकादम. लोरेटाची आई तिच्या हाताखाली कातडं कापायची. अडेल गेली तेव्हा लोरेटा स्वतः अंत्यविधीला गेली होती, नंतरच्या जेवणासाठी बटाट्याचं सॅलड घेऊन.

"काहीतरी घोटाळा झालाय," ती म्हणाली. "तो कारखाना बंद आहे."

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली. "बंद आहे? मग चार तारखेला तुम्ही तिथे कोणाशी बोललात?"

खोटं लिहिलं म्हणावं, तर भत्ता गेलाच, वर फसवणुकीचा खटला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली.

"म्हणजे, बंद आहे असं लोक म्हणतात."

"उघडला असेल हो. फॉर्मवर सही आहे ना इथे, नुसता 'ए'. अक्षर काय सुरेख आहे. खाली शेराही आहे, वाचते. 'मुलगी डावखुरी आहे. कात्री तिने स्वतःची आणावी. इथली डाव्या हाताची कात्री हिच्या आईने घरी नेली, ती अजून परत आलेली नाही.'"

लोरेटाने ओट्याच्या खणाकडे पाहिलं. कात्री तिथेच होती, दोऱ्यांच्या रिळांखाली. आईने ती कारखान्याच्या शेवटच्या दिवशी एप्रनच्या खिशात घालून आणली होती, आणि ही गोष्ट त्या दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. लोरेटाला भीती वाटली. लहानपणी तळघरात उतरताना वाटायची तशी.

"सोमवारी सकाळी सात," युनिस म्हणाली. "जाणार म्हणून लिहू, की नकार? नकार दिलात तर चौदाच्या चौदा आठवडे रद्द होतात. मला काही आवडत नाही असं करायला, पण नियम आहे."

"आणि गेले तर?"

"तर मागचं सगळं दोन दिवसांत खात्यात जमा."

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. वॉल्टच्या व्हरांड्यातला दिवा भर दुपारी जळत होता. तीन आठवडे तो तसाच जळत होता, आणि पायरीवर वर्तमानपत्रं साचली होती. तो मुलीकडे गेला असेल, असं ती धरून चालली होती.

"जाते," लोरेटा म्हणाली.

"बरं केलंत." युनिसचा जीव भांड्यात पडला. "आणि घाबरू नका. माणसं चांगली असणार तिथली. या मोसमात तुमच्या गावचे अकरा जण लागले तिथे, तुमच्याच रस्त्यावरचे एक गृहस्थसुद्धा. अकरांपैकी एकाचाही आम्हाला पुन्हा फोन आलेला नाही."

फोन ठेवून लोरेटाने उरलेले बटाटे सोलले. मग खणातून कात्री काढली, पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली. सोमवारी परतायला अंधार होणार होता. तिने दारापाशी जाऊन आपल्या व्हरांड्यातला दिवा लागतो का ते पाहिलं. लागला. विझवायला तिचा हात उचलेना, म्हणून तिने तो तसाच चालू ठेवला.